अवसेची ओहोटी

मी विशे बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माती खात होत्या.

शहापूरच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि स्टाफरूममध्ये कोणाची खुर्ची कुठली हे ठाऊक नसल्यामुळे दारातच घुटमळत होते. खिडकीशी एक भरल्या अंगाच्या बाई बसल्या होत्या. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात जाड तळव्यांचे, पुरुषी वाटणारे बूट. समोर एक विद्यार्थिनी मातीचं ढेकूळ घेऊन उभी. बाईंनी त्या ढेकळाचा कोपरा मोडला, पुढच्या दातांखाली धरला आणि डोळे मिटून सावकाश चावला. "कचकचतंय. रेती आहे ह्यात. नुसती चिकणमाती असती तर लोण्यासारखी लागली असती," असं म्हणून त्या खिडकीबाहेर थुंकल्या, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली आणि माझ्याकडे वळल्या. "तुमी मराठीच्या ना? या की आत. चहा सांगितलाय."

त्या दिवसापासून मी त्यांच्यापुरती ‘मराठी’ झाले. सहकाऱ्यांना त्या त्यांच्या विषयानेच हाक मारायच्या. "गणिताचा आज उपास दिसतोय, केळं द्या त्याला." "रसायन, जरा सरकून बसा." प्राचार्य तेवढे ‘सायेब’. कुणाला राग आल्याचं मी पाहिलं नाही. त्यांच्या तोंडून आपला विषय ऐकला की तो थोडा मोठा झाल्यासारखा वाटायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्यांचा स्वतःचा विषय भूशास्त्र. आमच्या कॉलेजात तो शिकवला जातो हे शहापूर गावातही फारसं कुणाला माहीत नव्हतं. एक खोली, दोन कपाटं भरून दगड आणि मूठभर विद्यार्थी. त्यांतले निम्मे दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेले असत, आणि दिवाळीपर्यंत तेच दप्तरात दगड घेऊन फिरताना दिसत. बाईंचं माहेर मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे, सासर आटगावजवळ. दोन्हीकडे भातशेती. म्हणजे चिखलात जन्म आणि चिखलात लग्न, असं त्या स्वतःच सांगायच्या.

आता आमच्या ह्या दोन्ही तालुक्यांत खणा कुठेही, निघणार काळा पाषाणच. वाळूचा खडक औषधालाही सापडायचा नाही. आणि बाईंचा जीव जडला होता तो नेमका वाळूच्या खडकावर. मी एकदा विचारलं, घरचा दगड सोडून परक्याच्या मागे का लागलात? त्या म्हणाल्या, "काळा दगड भट्टीतून आला, मराठी. त्याला पाण्याचं काय ठाऊक? वाळूच्या दगडात पाणी कसं चाललं, किती खोल होतं, कुठं थांबलं, सगळं लिहिलेलं असतं. मी शेतकऱ्याची पोर. मला पाण्याचंच कळतं."

दगड बघायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी बाटलीतलं पाणी त्यावर ओतायचं. कोरड्या दगडाचे थर दिसत नाहीत, ओल्याचे उठून दिसतात. मग अंगठा थरावर ठेवून तो कुठे कलतोय ते चाचपायचं. बोलायचं सगळ्यात शेवटी. कुणी लगेच काही बोललं तर "दगडाला घाई नाय, तुला कसली?" हे ठरलेलं. हातोडी जवळ असायची, पण ती त्या क्वचितच चालवत. आपल्याला सांगायला इतकी वर्षं थांबलेल्या दगडाला भेटल्याबरोबर मारायचं, हे त्यांना पटत नसे.

एकदा त्यांच्याबरोबर धसईच्या बाजारात गेले होते. बाईंना परात घ्यायची होती. दुकानदाराने दाखवलेली प्रत्येक परात त्यांनी जमिनीवर ठेवून हलवून बघितली आणि नाकारली. शेवटी सर्वांत मोठी, कडा उभ्या असलेली एक निवडली, शेजारच्या तांदळाच्या दुकानातून दोन ओंजळी कणी मागून घेतली, वर पाणी ओतलं आणि बाजाराच्या मधोमध फतकल मारून परात दोन्ही हातांनी मागेपुढे डुलवायला लागल्या. दुकानदार घाबरला. त्याला वाटलं बाईंच्या अंगात आलंय.

"ताई, परात फुटकी नाय हो," तो म्हणाला.

"गप ऱ्हा जरा. बघ."

गर्दी जमली. पाणी मागेपुढे झुलत होतं आणि परातीच्या तळाशी कणीच्या बारीक बारीक वरंब्या उठायला लागल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या उताराच्या. बाईंनी परात थांबवली. भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका वाकून बघत होत्या. "दर्याच्या उथळ पान्यात वाळू अशी दिसते," बाई त्यांना सांगत होत्या, "आणि नदीत दिसते ती येगळी. तिथं पानी एकाच बाजूला ढकलतं, म्हणून वरंबीची एक बाजू लांब नि एक उभी." एका म्हातारीने विचारलं की मग ह्या कणीचा भात होईल ना. होईल म्हणून बाईंनी कणी तिला देऊन टाकली आणि परात घेऊन आम्ही मुरबाडच्या एस्टीत बसलो.

ती परात पुढे वर्गात शेवटपर्यंत होती. पण त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे त्यांच्या वडलांची खाचरं. दर वर्षी भात कापून झालं की त्या पोरांना धसईला न्यायच्या. वरच्या खाचराचा बांध जरासा फोडायचा, पाणी खालच्या खाचरात सोडायचं आणि ओसरल्यावर गाळ बघत बसायचं. पाणी गेलं त्या दिशेला वाळूचे थर कललेले असत आणि पाणी जिथे साचून थांबलं तिथे वर चिकणमातीचा पातळ पापुद्रा बसलेला असे. बाईंचे वडील बांधावर उभे राहून हे कौतुकाने बघत. दर वर्षी एकच वाक्य म्हणत, "पानी उताराला जातं. पानी कंदी मागं फिरत नाय." पोरं ते वहीत लिहून घेत. बाई मान डोलवत. माझीही मान डोलली होती. भाताच्या मुलखात ह्याहून खरं वाक्य दुसरं असणार तरी कुठलं?

ह्याच वाक्याने बाईंना पुढे अनेक वर्षं चकवलं.

मालवणकडच्या किनाऱ्यावर एका गावाजवळ वाळूच्या फार जुन्या खडकांची रांग समुद्रात शिरलेली आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. लोक जातात आणि दगड फोडून घरी नेतात म्हणून बाईंनी सांगू दिलं नव्हतं. पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, माणसाचं तर नावच नको, त्या काळातली ती वाळू. ती तिथे कुणी आणून टाकली, एखाद्या मोठ्या नदीने की उथळ समुद्राने, हा बाईंच्या पीएच.डी.चा प्रश्न होता. आज तिथे समुद्र आहे म्हणून तेव्हाही होता असं धरता येत नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नोकरी, संसार आणि भाताची कामं सांभाळून, रजा जोडून जोडून त्या तिथे जात. थरांचे कल मोजत. सगळे कल एकाच बाजूचे निघत. मधेमधे चिकणमातीचे पापुद्रे. बाईंना ह्यात आपल्या वडलांचं खाचर दिसलं: पूर आला, वाळू ढकलली, पूर ओसरला, गाळ बसला. नदी. पुण्याच्या त्यांच्या मार्गदर्शक सरांनाही ते पटलं. प्रबंध टाइप होऊन आला. विद्यापीठाने दिलेली मुदत एकदा वाढवून झाली होती आणि आता पुन्हा वाढणार नव्हती. येत्या उन्हाळ्यापर्यंत प्रबंध दिला नाही तर सगळी वर्षं पाण्यात जाणार होती.

इथे बाईंच्या सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. सगळं आटगाव त्यांना आत्याबाई म्हणायचं, बाईही तेच म्हणायच्या. काटक, नऊवारीतली, तोंडात कायम मशेरी. सुनेच्या शिक्षणाचा त्यांना भारी अभिमान. सून किनाऱ्यावर जायची तेव्हा स्वयंपाक, गुरं, नातवंडं सगळं त्या ओढायच्या. फक्त एक गोष्ट त्यांच्यापुढे चालत नसे. अमावास्येला घर सोडायचं नाही.

"अवसेला आमी बैलाच्या मानंव जू ठेवत नाय," त्या मला म्हणाल्या होत्या, "नि मानसानं एस्टीत बसायचा? कंच्या शास्त्रात?"

आणि पौर्णिमेला कुलदेवीचा नैवेद्य, तो सुनेच्या हातचाच लागायचा. बाई वाद घालत नसत. "विज्ञान उंबऱ्याबाहेर, मराठी. उंबऱ्याच्या आत आत्याबाई. त्यांच्या जिवावर मी दगड बघते." त्यामुळे किनाऱ्यावर जायचं ते नेहमी अष्टमीच्या आगेमागे, म्हणजे अवस आणि पुनव दोन्हींना घरी हजर राहता येई. इतकी वर्षं त्या गेल्या, एकदाही नेम चुकला नाही.

त्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांची सहल त्याच किनाऱ्यावर न्यायचं ठरलं. मुलींबरोबर आणखी एक शिक्षिका हवी म्हणून माझं नाव घातलं गेलं. एस्टीची करारावरची गाडी परीक्षांच्या आधी एकाच तारखेला मोकळी होती. प्राचार्यांनी ती पक्की करून टाकली आणि मग स्टाफरूममध्ये कुणीतरी कॅलेंडर बघितलं. निघायचा दिवस नेमका अमावास्येचा होता.

बाईंनी शांतपणे सांगितलं, मी येत नाही, मराठी तुम्ही न्या पोरांना. मी! मला दगड आणि वीट ह्यांतला फरक रंगावरून कळतो. पोरांचे चेहरे पडले. हे सगळं घरी कळलं तेव्हा आत्याबाईंनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्या दारात उभ्या. शहापूरला माझं घर डेपोच्या जवळच. हातात एक पिशवी होती, तिच्यातून हातोडीचा दांडा बाहेर आलेला.

"ही तुज्याकडं ठेव गो बाय. सुमनचा परस्थान हाय."

सुमन म्हणजे आमच्या विशे बाई. मी मराठीची प्राध्यापिका. शब्द मला माहीत होता. मुहूर्त वाईट असला की चांगल्या दिवशीच आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस त्याच दिवशी निघालं असं धरतात. त्यालाच प्रस्थान ठेवणं म्हणतात. पण हातोडीचं प्रस्थान मी पहिल्यांदाच बघत होते. आत शिधा म्हणून तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि दगडाचा कल मोजायचं यंत्रही नीट फडक्यात गुंडाळलेलं.

"म्हंजे बघ," आत्याबाई म्हणाल्या, "सुमन आजच निंगाली. आज तेरस हाय. अवसेला ती तुज्या घराशनं निंगंल, आमच्या उंबऱ्याशनं नाय. पोरांचा कशाला नुसकान?"

देवाला फसवण्याची इतकी सोज्वळ रीत मी तरी दुसरी पाहिलेली नाही. अवसेच्या पहाटे बाई माझ्या घरून, माझ्या हातचा चहा पिऊन, कायदेशीरपणे शिळ्या प्रवासाला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांनी पोरांना वरचे खडक दाखवले. तेच ते, त्यांच्या प्रबंधातले. पाणी ओतलं, अंगठे ठेवायला लावले, सगळे थर एकाच बाजूला कललेले. "काय होतं इथं?" "नदी," पोरं एका सुरात म्हणाली. बाई खूश. दुपारी मासे-भात झाला आणि उन्हं कलल्यावर पोरांना पाण्यात खेळायचं म्हणून आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो.

पाणी जागेवर नव्हतं. सकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथून समुद्र कितीतरी मागे सरला होता आणि हिरव्या शेवाळाखालून खडकांचा एक मोठा ओटा वर आला होता. अवस-पुनवेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी सर्वांत खोल जाते हे मीसुद्धा शाळेत शिकले होते. बाई तर ते वर्गात शिकवत होत्या. पण त्या कडेला अशा उभ्या राहिल्या, जणू कुणीतरी त्यांच्या ओळखीच्या घरात आणखी एक खोली उघडून दाखवली होती.

"हे मी कधीच पाहिलं नाय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "अष्टमीला इथं पाणी असतं."

बूट काढून, साडी खोचून त्या उतरल्या. मी मागून, घसरत. ओट्याच्या उभ्या कडेवरून त्यांनी शेवाळ हाताने बाजूला केलं. पाणी ओतायची गरज नव्हती, दगड ओलाच होता. वरून मावळतीचं तिरपं ऊन पडलेलं. बाईंनी अंगठा ठेवला. खालचा थर समुद्राकडे कललेला. त्याच्यावर पापुद्रा. अंगठा वर सरकला आणि थांबला. वरचा थर जमिनीकडे कललेला होता. त्याच्यावर पापुद्रा. त्याच्यावरचा पुन्हा समुद्राकडे. माशाच्या मधल्या काट्याला दोन्ही बाजूंनी काटे फुटावेत तसे थर, एकावर एक, कडेभर. दुपारी ताटात उरलेला काटा मला आठवला आणि मलाही, मराठीच्या बाईला, ते दिसलं.

बाईंनी अंगठा दगडावरून काढलाच नाही. मला भीती वाटली. टाइप झालेला प्रबंध, सरत आलेली मुदत, रजा जोडून केलेल्या खेपा, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यांच्या खांद्यांना कंप सुटला होता. मी जवळ गेले तर त्या हसत होत्या. तोंडावर ओला हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"पाणी मागं फिरतं ग," त्या म्हणाल्या. "आलं आणि गेलं. आलं नि गेलं. मधे घटकाभर थांबलं, तेवढ्यात हा पापुद्रा बसला. बाबांनी दर्या कुठं पाहिला होता? त्यांचं नि माझं डोकं खाचरातलं. नदी नाय ही. भरती-ओहोटी आहे." आणि मग पोरांकडे वळून, वर्गातल्या आवाजात: "इकडे या सगळे. सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते खोडा."

पोरांनी खरोखर वह्या काढून खोडलं. बाई एकेकाचा अंगठा धरून दोन्ही कलांवर ठेवत होत्या. चुकल्यावर इतकं उजळलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला हेवा वाटला, सांगते.

तिथूनच त्यांनी पुण्याला फोन लावला. "सर, नदी नाय. समुद्र आहे. उथळ." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ येत होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "खोटं लिहून डॉक्टर झाले तर ह्या पोरांना काय शिकवू, सर? आत्ताच खोडायला लावलंय त्यांना." सर भले गृहस्थ होते. मुदत वाढणार नाही, तेवढ्यात बसवत असाल तर बसवा, असं म्हणाले.

मग त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एकही अवस-पुनव बाईंनी घरी काढली नाही. अवस पाळणाऱ्या आत्याबाईंनी स्वतःच हिशेब धरला. तेरस आली की पिशवी माझ्या घरी. माझ्या कपाटाशेजारी प्रस्थानाची अशी ये-जा सुरू झाली की शेजारणीला वाटलं मी दगडांचा धंदा काढलाय. पुनवेच्या नैवेद्याचंही आत्याबाईंनी मिटवलं. देवीपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं म्हणे, "सून दर्याव गेलीय, तुज्याच कामाला. आज माज्या हातचा गोड मान." काम देवीचं कसं, हे देवीने विचारलं नसावं. बाई परत आल्या की मोजमापं माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडत आणि मी त्यांच्या वाक्यांतले ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ काढून टाकत असे. मुदत संपायच्या आदल्या दिवशी प्रबंध विद्यापीठात पोचला.

तोंडी परीक्षा खुली होती. कुणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा. शहापूरहून आम्ही अर्धं कॉलेज गेलो होतो. गणित, रसायन, सायेब, सगळे. पहिल्या रांगेत आत्याबाई, नवं लुगडं नेसून, मशेरी आज न लावता. बाई उत्तम बोलल्या. मग बाहेरून आलेले परीक्षक, पिकल्या केसांचे आणि कडक म्हणून नाव असलेले, चष्मा पुसत म्हणाले, "तुमचं म्हणणं पुराव्याने उभं राहतंय. पण एक सांगा. इतकी वर्षं तुम्ही त्या किनाऱ्यावर जाताय. हे खडक तुम्हाला दिसले कसे नाहीत?"

मार्गदर्शक सर खाली बघायला लागले. गुळमुळीत उत्तरं पुष्कळ होती. हवामान म्हणता आलं असतं, शेवाळ म्हणता आलं असतं.

"आमच्या घरी अवस पाळतात," बाई म्हणाल्या. "अवसेला प्रवास नाही, पुनवेला नैवेद्य. म्हणून मी नेहमी अष्टमीला गेले. अष्टमीला ओहोटी उथळ असते, खालचे खडक उघडे पडत नाहीत. आणि वरचे जे दिसले त्यांच्यात मला वडलांचं खाचर दिसलं. पाणी परत येतं हे मला सुचलंच नाही."

मागे कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. "हे प्रबंधात लिहिलंय?"

"लिहिलंय. चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच."

त्यांनी पानं उलटली. ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग विचारलं, "आता बरोबर निष्कर्ष हाती आहे. हे गाळलं असतं तरी चाललं असतं. का ठेवलंत?"

"माझ्यामागून कुणीतरी तिथे जाईल, सर. तोही कुठल्या तरी घरातून येणार. त्याच्याही घरी काहीतरी पाळत असतील. त्याने आधी ते बघावं, मग दगड बघावा."

परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि टाळी वाजवली. परीक्षकाने टाळी वाजवायची नसते बहुधा, कारण सायेबांना काय करावं ते सुचेना. पण गणिताने वाजवली, मग सगळ्यांनीच. पदवी जाहीर झाली. प्रेक्षकांपैकी कुणाला प्रश्न आहे का, असं रीतीप्रमाणे विचारण्यात आलं तेव्हा पहिल्या रांगेतून हात वर गेला.

"येक इचारू?" आत्याबाई उभ्या राहिल्या. "मंग त्या दगडांत अवस वाईट का चांगली?"

बाई त्यांच्याकडे वळल्या. "चांगली, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "सगळ्यात चांगली."

"मंग मला पन घेऊन चल."

डॉक्टर सुमन विशे त्यानंतर दोनच वर्षांनी निवृत्त झाल्या. मुलाच्या नोकरीमुळे सगळं घरच पुढे नागपूरला हललं. आता फोनवर भेट होते, तीही त्यांना एखादा दगड नीट सांगायचा असला तर. पण माझ्या मनात त्या आहेत त्या शेवटच्या सहलीतल्या. पुन्हा तोच किनारा, पुन्हा अवस, आणि ह्या वेळी घराच्या उंबऱ्यावरून सरळ निघालेल्या सासू-सुना. आत्याबाई आणि मी किनाऱ्याच्या वाळूत बसलो होतो. पोरं ओट्यावरून परतली होती, पाणी चढायला लागलं होतं. बाई मात्र खालच्या टोकाला, गुडघाभर पाण्यात वाकून उभ्या. दोनदा हाक मारली. त्यांनी मागे न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. मग ताठ झाल्या आणि ओरडल्या, "ए मराठी, इकडं ये जरा. हा खालचा थर काही वेगळंच सांगतोय. मी लिहिलंय तसं नाय वाटत."

आवाज असा, की लग्नघरातून कुणी बोलावतंय. मी चपला काढल्या.

आत्याबाईंनी लाटांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि समाधानाने मांडी बदलली. "झाला," त्या म्हणाल्या. "आता हिला पयल्यापासना डाक्टर व्हावा लागनार."